डोनटचं वाण

सासूबाईंचं अनारशाचं पीठ मी बिघडवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे डोनट येणार आहेत, ते चांगले झाले होते, आणि चांगल्या झालेल्या गोष्टीबद्दल बोलायला लागलो की मी मूळ मुद्द्याला बगल देतो. हे मी दिवाळीपर्यंत फार सराईतपणे केलं.

बिबवेवाडीत आम्ही तिघं राहतो. मी, बायको आणि बायकोची आई. मुलीचं लग्न झालं आणि पाठोपाठ अधिक महिना आला. अधिकात जावयाला जेवायला बोलवायचं, त्याला विष्णू मानून ओवाळायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. अनारसेच का, तर त्यांना जाळी पडते. वाणाच्या वस्तूला भोकं हवीत. आमच्या घरात विष्णू दोन. नवा जावई एक आणि जुना मी. दोघांचेही अनारसे सासूबाईच करणार होत्या, कारण त्या काम दुसऱ्या कुणाला देत नसत. इमारतीत कुणाचे अनारसे तुपात विरघळायला लागले की पिठाचा डबा घेऊन ती बाई आमच्या दारात यायची. सासूबाई चिमटीत पीठ दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "ओल राहिली. आता खीर करा."

नव्या जावयाशी बोलायला माझ्याकडे विषय नव्हता. मी विचारायचो, "काम कसं चाललंय?" तो म्हणायचा, "चालू आहे, बाबा." मग आम्ही दोघं पंख्याकडे बघायचो. अशात मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, त्याला ग्लेझ्ड डोनट्स जाम आवडतात. म्हणजे ऑब्सेस्ड आहे तो." मी ठरवलं, जावयाला घरी केलेले डोनट खायला घालायचे. मोबाइलवर एक बाई ते इतक्या सहज करत होती की जन्मापासून तिला दुसरं कामच नसावं असं मला वाटलं.

पहिला प्रयत्न फुगला, पण इतका फुगला की भोक बुजलं. सासूबाईंनी एक उचलून उजेडात धरला. "जावईबापू, बटाटेवडे केलेत का?"

"डोनट आहेत, आई."

"बरं. बटाटा घालायचा राहिला असेल."

दुसऱ्या प्रयत्नाचा मुहूर्त मी जेवणाच्या आदल्या दुपारी धरला. सासूबाई आणि बायको जावयाचा आहेर आणायला लक्ष्मी रोडला गेल्या होत्या. कोमट दुधात साखर आणि यीस्ट घालून पेला उबेला ठेवायचा, मग त्यावर फेस येतो. बाहेर पाऊस, घरात गारठा. उबेची जागा एकच, फ्रीजचा माथा. तिथे सासूबाईंचा अनारशाचा डबा आधीच बसलेला होता. तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून, फडक्यावर सुकवून, दळून, गूळ घालून मुरायला ठेवलेलं ते पीठ. वर झाकण नाही, नुसतं मलमलचं फडकं. मी पेला त्याच्या शेजारी ठेवला. घाईने यीस्ट दुप्पट घातलं होतं. थोड्या वेळाने बघतो तर फेस पेल्याबाहेर येऊन खाली ओघळत होता. मी आनंदाने पेला उचलला. तो बुळबुळीत झाला होता. हातातून सुटला आणि अर्धं दूध फडक्यातून थेट डब्यात गेलं.

त्या क्षणी फोन करून सांगितलं असतं तर हा लेख झाला नसता. मी काय केलं, तर ओलं पीठ चमच्याने काढून टाकलं. उरलेलं तरी सैलच लागत होतं. मग समोर मैदा होता, त्यातल्या दोन मुठी घालून मळलं, गोळे होते तसे वळले, फडकं धुऊन इस्त्रीने वाळवलं आणि परत बांधलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण स्वयंपाकघर मी इतकं स्वच्छ कधी ठेवलं नव्हतं. बायको आल्या आल्या म्हणाली, "काय केलंत?"

"डोनट," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. नव्याने यीस्ट भिजवून मी खरंच डोनट तळले होते. वाटीने गोल कापले, औषधाच्या बाटलीच्या बुचाने भोकं पाडली, या वेळी मोठी. दूध आणि पिठीसाखरेच्या पाकात बुडवल्यावर ते काचेसारखे चमकले.

सकाळी सासूबाईंनी डबा उघडला. "चांगलं फुगलंय की," त्या म्हणाल्या. त्यांनी खसखशीवर पहिला अनारसा थापला, खसखस वर ठेवून तुपात सोडला. क्षणभर तो शहाण्यासारखा तरंगला. मग कडेने सुटत गेला आणि कढईभर पसरला. अनारसा असा विस्कटला की बायका म्हणतात, अनारसा हसला. दुसरा हसला. तिसरा हसला. सासूबाईंनी तांदळाची पिठी घालून पाहिली, आच कमी करून पाहिली. कढईत नुसता हशा.

त्यांनी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसल्या. आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या.

"हात गेला गं माझा," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या.

"काहीतरीच काय, आई. हवा दमट आहे. हो ना हो?" बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"फार दमट," मी म्हणालो.

पाहुणे तासाभरात येणार होते. बायकोची नजर माझ्या परातीवर गेली. "आई, याला भोक आहे."

सासूबाईंनी डोनट उचलला, पुन्हा उजेडात धरला. "एकच आहे," त्या म्हणाल्या. "पण आहे."

अशा रीतीने चांदीच्या तबकात, वर दिवा ठेवून, जावयाला तेहतीस डोनटांचं वाण गेलं. तो पहिल्यांदा माझ्याशी सलग बोलला. पीठ किती वेळ फुगवलं, तेल किती तापवलं, सगळं विचारलं. मुलीने फोटो काढले. "बाबा, यू आर अ रॉकस्टार!" सासूबाईंनी अर्धा खाल्ला आणि म्हणाल्या, "छान झालाय. पुढच्या अधिकात तुम्हीच करा. मी सुटले." जुन्या विष्णूने मान खाली घालून दुसरा डोनट घेतला.

मला वाटलं, त्या विसरतील. पण त्यांनी अनारशाचा डबा घासून बायकोला दिला, "यात डाळ ठेव." शेजारची बाई पीठ दाखवायला आली तेव्हा त्यांनी चिमटीसुद्धा लावली नाही. "माझंच मला समजत नाही, तुला काय सांगू?" आणि दिवाळी जवळ आली तेव्हा जेवताना सहज म्हणाल्या, "अनारसे या वेळी विकत आणा."

दुसऱ्या दिवशी मी तांदूळ भिजत घातले. रोज पाणी बदललं. फडक्यावर पसरत होतो, तेव्हा त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय नवीन? अनारशाचे डोनट?"

"आई, त्या वेळी तुमच्या पिठात दूध सांडलं होतं."

"दूध आपल्या पायांनी येत नाही, जावईबापू."

"माझ्याकडून सांडलं. यीस्टचं."

"मग?"

"मग मी त्यात मैदा घातला."

त्या स्टुलावर बसल्या. "मैदा? अनारशात?" आवाज असा की मी कुणाच्या घरात शिरून चोरी केली असावी. "किती?"

"दोन मुठी."

"अरे देवा! हसतील नाही तर काय करतील?" क्षणभर त्यांना इतकं हायसं वाटलेलं दिसलं की मीही हसलो. ती घाई झाली. त्यांनी उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि माझ्याकडे बघत शांतपणे विचारलं, "झालं सांगून?"

झालं नव्हतं. दूध आणि मैदा सोपे होते.

"तुम्ही इथेच बसून हात गेला म्हणालात, तेव्हा मला खरं ठाऊक होतं," मी म्हणालो. "तरी मी हवा दमट आहे म्हणालो, आणि वर डोनटचं कौतुक करून घेतलं. तुमच्या हाताला काही झालेलं नाही, आई. माझं चुकलं. मला माफ करा."