साड्यांमागे ठेवलेला नंदी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. भावाजवळ नाही, ऑफिसातल्या मैत्रिणीजवळ नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा हा विषय तेवढा टाळत आले — जणू मी सांगेपर्यंत त्याला कळणारच नव्हतं. आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे.

मी बोरगाव मेघेत राहते. लग्न केलं नाही, नोकरी केली. वर्ध्याच्या एका ऑफिसात आवक-जावक सांभाळते. माझ्या टेबलावरचा कागद कधी हरवत नाही, याचा मला केवढा तोरा! धाकट्या भावाची शेती आंजीला. सहा वर्षांपूर्वी त्याची मुलगी जान्हवी सहावीत गेली, तेव्हा त्याने तिला शिकायला माझ्याकडे आणून ठेवलं. म्हणाला, "ताई, तूच सांभाळ आता हिले. पोट्टी हुशार आहे, पण ध्यान एका जागी नाई."

ध्यान नव्हतं असं तरी कसं म्हणू? भागाकारात बाकी उरली की तिच्या वहीत त्या आकड्याला शेपूट फुटायचं. नकाशात नद्या दाखवायला सांगितल्या तर गोदावरीत एसटी पोहत असायची आणि टपावर बसून कंडक्टर ओली तिकिटं वाळवत असायचा. मला हसू यायचं, मी ते दाबायचे. कारण शाळेच्या डायरीत लाल शेरे येत होते — वही अपूर्ण, गृहपाठ नाही — आणि प्रत्येक शेऱ्याखाली पालक म्हणून सही माझी. माझी! मी वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवलं, मोबाइलला गजर लावले, शेजारी ठाण मांडून बसले. पेन्सिलीला टोक करायला उठलेली मुलगी तासाभराने गच्चीत सापडायची, सालपटांची फुलं मांडत.

त्यात पोळा जवळ आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. चाकांचे लाकडी बैल सजवून मुलं घरोघरी जातात, बोजारा मागतात — खाऊ, नाहीतर पाच-दहा रुपये. जान्हवीचा नंदी माझ्या वडिलांनी तिच्यासाठी गावच्या सुताराकडून करून घेतला होता. तीन आठवडे ती त्याच्यामागे लागली होती. जुन्या लग्नपत्रिका कातरून झूल केली, पापण्या चिकटवल्या, आणि दोरा ओढला की मान डोलेल अशी काहीतरी करामत केली. कशी डोलायची, मला अजून उमगलेलं नाही. सोबतीला गल्लीतल्या ऑटोवाल्याची पायल, तिच्याच वर्गातली. दोघींचं खिदळणं स्वयंपाकघरापर्यंत यायचं. आणि तान्ह्या पोळ्यानंतर दोनच दिवसांनी घटक चाचणी.

सणाला चार दिवस होते. जान्हवी आंघोळीला गेली असताना मी नंदी उचलला, माझ्या कपाटात साड्यांमागे ठेवला आणि कुलूप लावलं. चाचणी झाली की देईन, असं मनाशी म्हटलं. पण खरं सांगू? उचलताना मला बरं वाटलं. तिच्या अपूर्ण वह्यांपेक्षा मला त्या नंदीचाच राग होता. माझ्याजवळ अर्धा तास न टिकणारी मुलगी त्याच्याजवळ तासन्‌तास बसत होती.

तिने घर पालथं घातलं. "आत्या, इथंच ठेवलता मी. मले पक्कं माहीत आहे." रडतरडत माझ्या खोलीत आली, पलंगाखाली वाकून पाहू लागली. आता कपाट उघडायला सांगेल — या धास्तीने मी म्हणाले, "काल पायल आलती ना इथं?"

नुसता प्रश्न. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःची हीच समजूत घातली — मी तर फक्त विचारलं! पण विचारतानाच मला दिसलं होतं की नंदीबरोबर आता ही मैत्रीणही जाईल. दिसूनही मी शब्द मागे घेतला नाही.

जान्हवी तडक पायलकडे गेली. संध्याकाळी पायलची आई तिला दंडाला धरून माझ्या ओसरीवर घेऊन आली. "उघड दप्तर. काढ सगळं बाहेर. लोकाइच्या घरच्या वस्तू आणते काय वं?" पायलने दप्तर उलटं केलं. वह्या, तुटकी पट्टी, बिस्किटाचा अर्धा पुडा. ती आईकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "मी नाई नेला, काकू." आईने तिला दोन थोबाडीत ठेवून दिल्या, माझ्यासमोर. कपाट दहा पावलांवर होतं. किल्ली माझ्या कमरेला होती. आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? "जाऊ द्या हो, लेकरू आहे." माफ केल्यासारखं. मी, तिला!

जान्हवी दारात उभी होती. तिने पायलकडे एकदाही पाहिलं नाही.

तान्ह्या पोळ्याला ती घराबाहेर पडली नाही. बसून राहिली, वह्या पूर्ण केल्या. चाचणीत चांगले गुण आले, सहामाहीत आणखी चांगले. बाईंनी मला बोलावून शाबासकी दिली. भाऊ तुरीची डाळ घेऊन आला. ताईनं पोरगी मार्गी लावली म्हणून त्याने गावभर सांगितलं. मी ते सगळं ऐकून घेतलं. घेववलं कसं?

नंदी परत देता आला असता. माळ्यावर सापडला, म्हणता आलं असतं. पण मग पायलच्या आईला काय तोंड दाखवणार होते? दिवाळीआधी एका रविवारी मी तो पिशवीत घालून धाम नदीवर नेला. देवाची वस्तू, कचऱ्यात कशी टाकू — एवढा धर्म मला तेव्हाही सुचला! पाण्यात सोडला तर बुडेना. लाकडाचाच तो. काठाला येऊन लागायचा, मी काठीने ढकलायचे, पुन्हा यायचा. पाच-सहा वेळा ढकलला तेव्हा कुठे धारेला लागला. त्याच हिवाळ्यात पायलचं कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं. कुठे, ते मी विचारलं नाही.

जान्हवी आता बारावीत आहे. वह्या नीटनेटक्या, समासात एक रेघ इकडची तिकडे नाही. आपल्या वस्तू ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवते. मैत्रिणी आहेत, पण घरी कुणी येत नाही. मागच्या महिन्यात परीक्षा संपली, ती नुसतीच बसली होती, म्हणून मी म्हटलं, "आता वेळ आहे तर काहीतरी बनव ना. पहिले किती छान बनवायची तू."

मोबाइलमधून मान वर न करता ती म्हणाली, "काऊन? बनवलं अन् कोणी नेलं म्हंजे?"

मी तिच्यासमोर उभी होते. घरात आम्ही दोघीच होतो. कुणी नेला होता ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी तिला विचारलं, चहा घेते का.