सरसाहेबांनी चिठ्ठी दिली नाही

रविवारी दुपारी धाकटा भाऊ मधू आणि मी नानांच्या फायलींना लाल फीत बांधायचो. मी बोट धरायचे, तो गाठ मारायचा. नाना म्हणजे आमचे वडील, मुंबईच्या फोर्टातल्या एका इंग्रज सॉलिसिटरचे हेडक्लार्क. साहेबांचा शब्द आमच्या घरात शेवटचा.

एकोणीसशे साठनंतर मधू हॅनोव्हरला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि तिथल्या इंगे नावाच्या मुलीशी लग्न ठरवून बसला. नानांनी त्याला पत्रं लिहिणं बंद केलं. साहेब दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबई सोडून कामासाठी हॅनोव्हरकडे गेले होते आणि निवृत्त होऊन तिथेच जवळ राहत होते. त्यांची एक चिठ्ठी आणली की नाना विरघळतील, म्हणून मी निघाले.

बोटीने जिनोआ, पुढे रेल्वे. दशम्या बासेलपर्यंत पुरल्या. आता तुम्ही गेलात तर विमानाने फ्रँकफर्टला उतरा, तिथून गाडीने अडीच तास. स्वेटर मात्र मे महिन्यातही हवाच.

ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून मधू, इंगे आणि मी बिटाच्या शेतांच्या कडेने साहेबांच्या घरी चालत गेलो.

"ताई, साहेब नाही म्हणाले तर?"

"तर तू रड, मी केक खाते."

त्या महायुद्धात घरं गमावलेल्या कुटुंबांची कागदपत्रं साहेबांनी कित्येक वर्षं जुळवली, म्हणून ते 'सर' झाले. इंगे म्हणाली, आमच्या गल्लीत घराघरांत त्यांनी केलेला कागद जपून ठेवलाय. साहेबांच्या घरात ते पदक होतं शिवणाच्या डब्यात.

"राणीने खांद्यावर तलवार टेकवली, तेव्हा माझा गुडघा कुरकुरला," ते म्हणाले. "बाकी काही आठवत नाही."

मी चिठ्ठी मागितली. ते हसले. "मी सॉलिसिटर, पोरी. कोर्टात उभा राहतो बॅरिस्टर. मी कागद करून देतो, बोलायचं तू."

मग प्रश्नच प्रश्न. "तुझ्या वडिलांना भीती कशाची?"

"मुलगा परत येणार नाही याची," मी म्हणाले.

तेच त्यांनी सगळ्यात वर लिहिलं. नऊ पानं झाली, शिफारशीची एकही ओळ नाही.

घरी नानांपुढे उभी राहून मी सगळं वाचलं. नानांनी सवयीने पेन्सिल उचलली. "तिसरा मुद्दा दुसऱ्या जागी घे." मग पेन्सिल खाली ठेवून, "मधूला लिही, डिसेंबरात दोघं या म्हणावं. लग्न इथे होईल."

त्या प्रवासातून मला बोलायचं धैर्य मिळालं, ते अजून पुरतंय.

आता नाना नाहीत, साहेब नाहीत, मधूही नाही. म्हणून माझ्यामागे कुणाला काय द्यायचं ते इथेच लिहून ठेवते. ती नऊ पानं इंगेला. नक्कल मधूच्या मुलीला, माझ्या भाचीला; ती पत्राचं उत्तर जर्मन भाषेत देते, पण मराठी वाचते. नानांनी इंगेसाठी घडवलेल्या पाटल्या तिने लग्नाच्या दिवशीच, 'बोललीस तू' म्हणत, माझ्या हातात चढवल्या होत्या. त्या इंगेच्या सुनेला द्याव्या, आणि घालताना इंगेने तिचा हात धरावा.