ओल्या टॉवेलचं गाणं

माझ्या मावशीला नुसतं बसून गाता येत नाही. कोणी म्हणालं, "म्हणा ना दोन ओळी," की ती छताकडे बघते, घसा खाकरते आणि सरळ सांगते, "आठवत नाही बाई." हातात चादरीची दोन टोकं द्या, मग तिला थांबवून दाखवा.

चौतीस वर्षं तिनं मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत घड्या घातल्या. मशीनमधून चादरी निघायच्या त्या हाताला चटका बसेल इतक्या गरम. दोघींनी दोन बाजू धरायच्या, एक झटका द्यायचा, दुमडायची, पुन्हा दुमडायची, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि एकीनं आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. मशीनच्या घरघरीत बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून बायका गायच्या. या टोकाची एक ओळ, त्या टोकाचं उत्तर. आणि नियम एकच होता, दुसऱ्या टोकाची ओळ आपण म्हणायची नाही. समोरची रजेवर असेल तर तिच्या ओळीपुरतं गप्प राहायचं. मावशी जगाच्या कारभारात नाक खुपसते, पण हा नियम तिनं आयुष्यात एकदाच मोडला. त्याचंच हे सगळं रामायण.

तिच्या समोरच्या टोकाला तिची थोरली जाऊ असायची. या जाऊबाईंचा नवरा म्हणजे आमच्या शहराचा तो थोर 'गगनवीर'. पन्नास वर्षांपूर्वी एका इंजिनाच्या विमानातून टपालाची पोती घेऊन सकाळी उडाला, तो अजून उतरलेला नाही. विमान नाही, पोती नाहीत, साधी टोपीसुद्धा सापडली नाही. घरी होता तोवर त्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं. हरवल्यावर मात्र तो सगळ्या शहराचा जिवलग मित्र निघाला. वर्तमानपत्रांनी त्याला ढगांच्या वर काय नेला, सोन्याच्या इंजिनावर काय बसवला! त्याच्या चोवीस वर्षांच्या बायकोनं चार महिने वाट बघितली आणि लाँड्रीत नोकरी धरली. मावशीनंच शब्द टाकला होता.

जाऊबाई यायच्या, घड्या घालायच्या, पण तोंडातून अवाक्षर नाही. मावशीला गप्प माणूस सोसत नाही. एक दिवस तिनं वर्तमानपत्राचीच भाषा उचलली आणि चादर झटकत सूर लावला,

"ढगांच्या गं वर गेला, पाखरांनी पाहिला..."

आणि समोरच्या टोकावरून चार महिन्यांनी पहिल्यांदा आवाज आला,

"ओला टॉवेल मेला माझ्या खाटेवरच राहिला!"

अख्खी लाँड्री पोट धरून हसली. मुकादम धावत आला, त्याला वाटलं कोणाचा हात मशीनमध्ये गेला. ते गाणं पुढे तीस वर्षं वाढत गेलं. मावशी त्याला आकाशात चढवायची, जाऊबाई त्याला घरात खेचून आणायच्या. पण ते सगळं लाँड्रीच्या चार भिंतींत. मी मावशीची सख्खी भाची, तिच्याच घरात वाढलेली, तरी मला त्यातली मावशीच्या टोकाची अर्धी बाजू माहीत, आणि तो टॉवेल.

टॉवेल माहीत, कारण तो सगळ्या शहराला माहीत झाला. एकोणीस वर्षांपूर्वी चौकात गगनवीराचा पुतळा बसवला. डोळ्यांवर गॉगल, छाती पुढे, एक बोट आभाळाकडे. कारागिराचं माप चुकलं आणि ते बोट समोरच्या दंतवैद्याच्या पाटीवर गेलं. जाऊबाई मंचावर वीरपत्नी म्हणून बसलेल्या. प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलले आणि शेवटी दोन्ही हात उंचावून विचारते झाले, "या वीरानं आपल्यामागे काय ठेवलं?"

पहिल्या रांगेतून आमची मावशी म्हणाली, "ओला टॉवेल!"

तिला खरंच बोलायचं नव्हतं. तीस वर्षांची सवय, प्रश्न आला की उत्तर यायचंच. पण लोक जे हसले, जे हसले, पाहुण्यांच्या पोटावरची बटणं तटतटली. मंचावर एकट्या जाऊबाई मान खाली घालून बसल्या होत्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "ती ओळ माझी होती. तुला दिली नव्हती मी." त्यानंतर एकोणीस वर्षं अबोला. दोन गल्ल्यांचं अंतर, आणि एकमेकींच्या दारात पाऊल नाही.

मावशी माफी मागायला गेली नाही. हट्टी आहे, आणि त्याहून जास्त ती घाबरट आहे, हे मी तिच्या तोंडावर सांगते. पण घरच्या चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबून ती एकटीच घडी घालते. मी धरायला गेले तर म्हणते, "तू ओढतेस." घडी दर वेळी तिरकी होते. आणि आठवड्यातून एकदा, सहज विचारल्यासारखं, "जाऊबाईंच्या खिडकीत कपडे वाळत घातलेले दिसले का गं?" मी हो म्हटलं की चहा गोड होतो.

अशात आमच्या घरी लोकगीतवाले साहेब उगवले. सांस्कृतिक कार्यालयातले. गगनवीराला पन्नास वर्षं होणार होती, आणि त्याच्यावर एक लोकगीत आहे असं यांनी कुठे तरी वाचलं होतं. तीन वर्षं शोधत होते बिचारे. लोकगीत म्हणजे लांब कुठे तरीच सापडणार, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून डोंगरातल्या मेंढपाळांना विचारलं, नदीवरच्या नावाड्यांना विचारलं. शेवटी पाय मुरगळून इस्पितळात पडले, आणि चादर बदलायला आलेल्या बाईच्या तोंडी त्या गाण्याची ओळ ऐकली. तिनंच आमचा पत्ता दिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

त्यांनी मावशीला खुर्चीत बसवलं, रेकॉर्डर पुढे ठेवला. मावशीनं छताकडे पाहिलं. "आठवत नाही बाई." साहेब हवालदिल. मग मीच कपाटातली चादर आणली. मावशीनं पलीकडची टोकं खिडकीच्या गजाला बांधली, मला हात लावू दिला नाही, आणि झटका देऊन सुरू झाली. एक ओळ म्हणायची, मग तेवढाच वेळ थांबायची, नजर त्या गजाकडे लावून. पुन्हा ओळ, पुन्हा थांबायची. मला तिच्याकडे बघवेना.

"हे माझ्या टोकाचं झालं," शेवटी ती म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं, 'टोक-शैली, अत्यंत दुर्मीळ.' पुढे एक अक्षर विचारलं नाही. शिकलेल्या माणसाला प्रश्न विचारणं कमीपणाचं वाटत असावं. आणि नियमानं बांधलेली मावशी दुसऱ्या टोकाचं नाव काढणार नव्हती.

सोहळ्याच्या रंगीत तालमीला मी होते, कारण शाळेच्या चोवीस मुलींच्या निळ्या टोप्या मी शिवल्या होत्या. जाऊबाई पहिल्या रांगेत. समितीनं त्यांना गाडी पाठवून आणलं होतं. वीराचा पत्ता लागत नाही तेव्हा वीरपत्नीवर भागवायचं असतं. साहेबांनी कळ दाबली आणि भोंग्यातून मावशीचा आवाज आला. एकामागून एक, सलग, धाड धाड. ढगांच्या वर गेला, सोन्याचं इंजिन, सात डोंगरांपार. मुली हात पसरून विमानं झाल्या. समितीचे अध्यक्ष डोळे टिपू लागले.

जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "माझी जागा कुठे गेली?"

तीन स्वयंसेवक खुर्ची घेऊन धावले.

"खुर्ची नको! गाण्यातली जागा. ती थांबली असणार. माझ्या ओळीला थांबल्याशिवाय ती पुढे जायचीच नाही."

साहेब अभिमानानं म्हणाले, "मध्ये मध्ये फार शांतता येत होती, बाई. ती सगळी मी कापली."

जाऊबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मी टोप्यांमागे सरकले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे थांबली होती?" त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं.

"प्रत्येक ओळीला," मी म्हटलं. "खिडकीच्या गजाकडे बघत."

समितीची तीच गाडी आमच्या दारात आली. एरवी सोळा घरच्या पंचायती करणारी मावशी दार उघडून तशीच उभी राहिली. जाऊबाई तिला बाजूला सारून आत आल्या, कपाट उघडलं, होती ती चादर काढली आणि तिरकी घडी बघून म्हणाल्या, "शी! ही काय घडी आहे? धर."

साहेब मागोमाग घुसले आणि रेकॉर्डर काढला. मी त्यांना हाकलणार होते. जाऊबाई म्हणाल्या, "राहू दे त्याला. पण कापशील तर याद राख."

चादर ताणली गेली, झटका बसला, आणि मी जन्मात पहिल्यांदा ते गाणं पुरं ऐकलं. आधी टॉवेलच्या ओळी झाल्या. साहेबांचा चेहरा पडला.

"सोन्याचं गं इंजिन, चांदीचं गं पातं..."

"करकरतं हे दार, त्याला तेल कोण घालतं?"

"शोधला गं शोधला, सात डोंगरांपार..."

"एक मोजा मिळेना, शोधते वारंवार!"

मी हसून हसून डोळे पुसत होते. दोघींचे आवाज फाटलेले, पण टोकाला टोक अचूक लागत होतं. शेवटची घडी आली, तशा दोघी एकमेकींकडे चालत आल्या.

"येईल गं येईल, वाजतील पाय..." मावशी म्हणाली.

जाऊबाईंनी आपली टोकं तिच्या हातात दिली.

"आला तर भांडीन मी. न आला तर काय?"

माझं हसू तिथंच थांबलं. टॉवेलच्या मागे ही ओळ होती. पुतळ्यापुढे हसलेल्या एकाही माणसानं ती कधी ऐकली नव्हती. मावशीच्या टोकाला याचं उत्तर नव्हतं. गाणं इथंच संपत होतं. दोघी चादर धरून उभ्या. साहेबांचा अंगठा कळेकडे सरकला. मी त्यांचं मनगटच धरलं.

"अहो, शांतता आहे ही," ते कुजबुजले.

"असू दे," मी म्हटलं.

बऱ्याच वेळानं मावशीनं घडी खाटेवर ठेवली, पदरानं जाऊबाईंचे डोळे पुसले, मग स्वतःचे, आणि लाँड्रीत म्हणायची तसंच म्हणाली, "पुढची घ्या, जाऊबाई."

घरात पुढची चादर नव्हती. मी खाटेवरची तीच घडी उचलली, मोडली, आणि दोघींच्या हातात चार टोकं दिली.