बाहेर बसायचा नियम

ग्रामपंचायतीत निवडून आल्यापासून माझ्याकडे दोन गोष्टी साठत चालल्या आहेत. एक लग्नपत्रिका आणि दुसरे किस्से. पत्रिका लग्न उरकलं की रद्दीत जातात. किस्से कुठे टाकणार? प्रोसिडिंग बुकात ते लिहीत नाहीत आणि घरी सांगितले तर आमचे हे म्हणतात, "काही पण फेकून राह्यली!"

खरं सांगते, यातलं काहीच फेकलेलं नाही. मलाच अजून खरं वाटत नाही, ती गोष्ट वेगळी!

आधी सुनंदाबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. आमच्या गावाला नळ चौथ्या दिवशी येतो. टाकीचे व्हॉल्व्ह सोडायचं काम सुनंदाचा नवरा करायचा. तो गेला. तेरवीच्या दिवशीच पाण्याची पाळी होती. सुनंदानं डोळे पुसले, कोपऱ्यातली लांब लोखंडी चावी उचलली आणि टाकीवर गेली. त्याला दोन वर्षं झाली. पण तिच्या नेमणुकीचा ठराव काही झाला नाही. ठराव नाही म्हणजे उद्या कोणी "येऊ नको" म्हटलं की संपलं! प्रत्येक मिटिंगला तिचा अर्ज शेवटचा विषय असायचा, आणि प्रत्येक मिटिंगला ती ती चावी घेऊन बाहेर ओट्यावर बसलेली असायची.

* * *

आम्हा सदस्यांचं तालुक्याला ट्रेनिंग होतं. एक मॅडम फार छान शिकवत होत्या. त्यांनी विचारलं, "समजा, मिटिंगमध्ये तुमच्या जवळच्या नातेवाइकाचा विषय आला. मग तुम्ही काय करायचं?"

आमचे उपसरपंच देविदासभाऊ ताडकन उभे राहिले. "पयले त्याचं काम करून द्याचं, मॅडम! घरच्या माणसाले काऊन लटकवाचं?"

मला वाटलं, आता सगळे हसतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!

मॅडम अर्धी बाटली पाणी प्यायल्या. मग त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: उठायचं. बाहेर जायचं. ठराव होईपर्यंत बाहेर बसायचं.

मी ते वहीत उतरवून घेतलं. येताना जीपमध्ये देविदासभाऊ म्हणाले, "ताई, तुमी तं शायेतल्यासारखं लिवून घेतलं. पेपर द्याचा हाये का?"

* * *

नियमाची पहिली मिटिंग. विषय होता सिमेंट रस्ता. सरपंच गजाननभाऊ म्हणाले, "रस्त्यावर ज्याचा नातेवाईक राह्यते त्यानं बाहेर जा."

आमचं गाव म्हणजे एकच भावकी. एक उठला, दुसरा उठला, मेंबर शोभाताई उठल्या, मी उठले. शेवटी सरपंच स्वतःच चप्पल शोधायला लागले! आत राहिले ग्रामसेवक आणि शिलाई दुकानवाले मेंबर रशीदचाचा.

आम्ही ओट्यावर ओळीनं बसलो. सुनंदा दचकून उभी राहिली. "काय झालं वं ताई? आग लागली का?"

पाच मिनिटांनी रशीदचाचा पण बाहेर!

"चाचा, तुमी काऊन आले?" सरपंचांनी विचारलं. "तुमचं तं भावकीत कोणी नाही!"

"भाऊ, माह्या दुकानाची पायरी त्याच रस्त्यावर उतरते ना! अल्लाले काय सांगू?"

अख्खी ग्रामपंचायत ओट्यावर, आणि आत ग्रामसेवक एकटे पंख्याखाली. मिटिंग तहकूब. सुनंदाचा विषय पुढच्या महिन्यात.

मला मात्र त्या दिवशी रशीदचाचांच्या पाया पडावंसं वाटलं. नियम त्या एका माणसाला कळला होता!

* * *

पुढच्या मिटिंगला देविदासभाऊंच्या गल्लीतल्या लाइटचा विषय होता. ते लगेच उठले आणि बाहेर गेले. मी म्हटलं, वा! माणूस सुधारतो.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "दोन नाही, चार खांब पाह्यजे!"

बघते तर खिडकीच्या गजांना त्यांनी तोंड लावलेलं! मी म्हटलं, "भाऊ, तुमाले बाहेर बसाचं होतं!"

"मंग कुठं हावो मी? पाय पाहा ना माहे, बाहेरच हायेत!"

ग्रामसेवक म्हणाले, "मंजूर असेल त्यांनी हात वर करा." खिडकीच्या गजांमधून एक हात आत आला आणि वर झाला!

मी ग्रामसेवकांकडे बघितलं. त्यांनी तो मोजला!

* * *

मग ग्रामसेवकांनी एक कोरा कागद फिरवला. पंचायतीचं काम करणारे आपापले नातेवाईक त्यावर लिहून द्यायचे होते. सरपंचांनी आपल्या नावापुढे 'निरंक' लिहिलं.

माझ्या तोंडून गेलं, "भाऊ, नालीचं काम तर तुमचे जावई करून राह्यले!"

सरपंच जरासुद्धा रागावले नाहीत. लहान लेकराला समजावतात तसं म्हणाले, "मीराताई, जावई पोरीच्या नात्यानं हाये. माह्यं त्याचं काहीच नाही. मी तं त्याच्याशी दिवाळीपासून बोलत बी नाही!"

* * *

पाइपलाइनचं काम निघालं त्या आठवड्यात मी शेतातून घरी आले, तर ओट्यावर नवंकोरं मिक्सर! हे म्हणाले, "ठेकेदाराचा माणूस ठेवून गेला. सगळ्या मेंबरले देल्लं म्हणे."

 मॅडमनी भेटवस्तूंबद्दल किती कळवळून सांगितलं होतं! मी खोका तसाच उचलला आणि पंचायतीत गेले. ठेकेदार तिथेच बसलेला. आणि बघते तर शोभाताई पण मिक्सरचा खोका घेऊन पुढे उभ्या! शोभाताई म्हणजे देविदासभाऊंच्या भावजय. घरच्यांच्या विरोधात जाऊन ही बाई वस्तू परत करते म्हणून माझे डोळे भरून आले. मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

शोभाताई ठेकेदाराला म्हणत होत्या, "दोन भांड्याचं नाही चालत हो माह्या घरी. तीन भांड्याचं द्या बदलून!"

मी माझा खोका टेबलावर ठेवला आणि निघाले. मागून शोभाताई ओरडल्या, "ताई, तुमाले नकोच असंल तं तुमचं बी मीच नेऊ का?"

* * *

शेवटी एकदाचा सुनंदाचा विषय आला. त्याच जागेसाठी देविदासभाऊंच्या साळ्याचा, म्हणजे बायकोच्या भावाचा, पण अर्ज होता. मी घरोघर जाऊन सदस्यांशी बोलले होते. एका मताचा खेळ होता आणि ते मत माझं होतं. सकाळी मी सुनंदाला सांगितलंसुद्धा, "आज होते तुझं काम."

ग्रामसेवकांनी अर्ज वाचले. पहिला सुनंदाचा. दुसरा साळ्याचा. आणि म्हणाले, "तिसरा अर्ज कालच आला आहे." नाव वाचलं, तर मंगेश! माझ्या सख्ख्या दिराचा मुलगा!

देविदासभाऊ स्वतः उठले. "साळा माहा. मी चाललो बाहेर. ताई, पुतण्या तुमचा. चाला, नियम हाये ना!"

 नियम तर वहीत मीच लिहून घेतला होता. मी उठले. देविदासभाऊ सरळ खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

सुनंदा ओट्यावरून उठली. "ताई, तुमी बाहेर काऊन? तुमचं मत तं मले होतं!"

"मंगेशचा अर्ज आहे बाई. घरच्याचा विषय आला की बाहेर बसावं लागते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हंजे घरच्याले सोडून जे मले मत देणार होते तेच बाहेर? अन् हे खिडकीत?"

 मी मंगेशला फोन लावला. "पोरा, अर्ज भरला तं मले सांगाचं तरी!"

"कोणता अर्ज, काकू?"

त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान स्टँडवरच आहे. दोन मिनिटांत गाडीवर आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काल देविदासकाका दुकानात आले होते. पीक विम्याचा फॉर्म हाये म्हणे, सही कर! मले कायले पाह्यजे व्हॉल्व्हची नोकरी?"

 देविदासभाऊ खिडकीतून वळलेसुद्धा नाहीत.

रशीदचाचा दारात आले. मंगेशच्या हातात त्याचा अर्ज आणि पेन दिला. "लिव बेटा." मंगेशनं उंबऱ्यावरच आपल्या अर्जावर लिहिलं, 'मला ही जागा नको', आणि सही केली. या वेळी वाचून केली!

मी आत गेले आणि माझ्या खुर्चीवर बसले. 

सरपंच खिडकीकडे बघत अडखळत म्हणाले, "ताई, तुमी... बरं. घ्या सर, मोजून घ्या."

ग्रामसेवकांनी पेन उघडला. "देविदासभाऊंच्या साळ्याला नेमावं, असं वाटतं त्यांनी—"

गजांमधून हात आत येऊ लागला.

आणि एकदम अंधार झाला! खिडकीची दोन्ही दारं धाडकन बंद झाली. त्याआधी हात कसाबसा बाहेर ओढला गेला, तो "अरे बाप्पा!" आम्ही सगळ्यांनी ऐकला. मग दारांच्या दोन कड्यांमधून काहीतरी लोखंडी सरकल्याचा खणखणीत आवाज आला.

बाहेरून देविदासभाऊ खेकसले, "काय करून राह्यली वं सुनंदा! उघड! काढ ती चावी!"

"दोन वर्षं झाले तुमी म्हणून राह्यले, भाऊ, बाहेर बस. या, बसा."

रशीदचाचांनी उठून लाइट लावला. ग्रामसेवकांनी घसा साफ केला, आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "हां. आता हात वर करा."