अंकलच्या बासाची तार

ठाण्याच्या अंकलचा डबल बास, म्हणजे उभ्यानं वाजवायचं व्हायोलिनच्या जातीचं वाद्य, एवढा अवाढव्य होता, की त्यात डोंबिवलीचं एखादं बिऱ्हाड सुखानं राहिलं असतं. अंकल गेल्याचं कळलं तसा मी कल्याणहून सायकलवर वाऱ्याच्या पुढे पोचलेलो. अंकलची शवपेटी घरातून निघण्याआधी एकदा तो बास ऐकायचा, एवढंच त्यांच्या बायकोचं, आंटीचं मागणं होतं. अंकलच्या बँडमधल्या मित्रानं तो उभा केला, आणि तारा जिला खाली बांधलेल्या असतात त्या लाकडी शेपटीची जाड तार तटकन तुटली. तारांना खालून उचलून धरणारी घोडी आडवी पडली.

मी अंगणात जाऊन माझ्या सायकलच्या ब्रेकची तार उपसली, शेपटीत ओवली आणि तळच्या खुंटीला वळसा घालून गाठ मारली. घोडी उभी करून आम्ही एकेक तार हळूहळू ताणली. मित्रानं गज ओढला, तेव्हा खाडीचं पाणीसुद्धा थांबलं असेल.

आंटीनं डोळे पुसले. "तार कुठनं आणलीस रे?"

"मुंबईहून. अस्सल विलायती."

तिनं दारातून माझ्या सायकलकडे पाहिलं.

"मग घरी चालत जा हां, पोरा. आज एकच पेटी पुरे."

सायकल हातात धरून मी कल्याणपर्यंत चालत गेलो. यात एक पाऊलही वाढवून सांगत नाही.