पुसलेला ठिपका

आमच्या ह्यांना गॅरेजमध्ये आरसेमिस्त्री म्हणतात. गाडी ठोकलेली येवो, गंजलेली येवो, ह्यांच्या हातून रंगून बाहेर पडली की पत्र्यात बघून भांग पाडावा. बायको म्हणून सांगत नाही, गिऱ्हाईकंच सांगतात. आणि ह्यांनाही ते पक्कं माहीत आहे, तीच तर पंचाईत. लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आले, तर माझ्याकडे बघायच्या आधी ह्यांना आमच्या दाराच्या कडीवर सांडलेला रंगाचा थेंब दिसला. घरातली मोठी माणसं बोलतायत आणि हे नखाने कडी खरवडतायत. मला वाटलं, माणूस लाजाळू दिसतोय. कसला लाजाळू आणि कसलं काय!

थेंब दिसला की पुसायचा, हा ह्यांचा स्वभाव. सांगायचं ते त्यावरूनच आहे.

आमची लेक यंदा कॉलेजला जायला लागली. तिच्या लहानपणापासूनच्या दोन मैत्रिणी, दोघींचीही घरं लांब गेली, एकीचं एका टोकाला, दुसरीचं दुसऱ्या. आता तिघी रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवरच्या एका खेळात भेटतात. म्हणजे त्या दोघी भेटायच्या. आमच्या घरात कॉम्प्युटर नव्हता आणि तिच्या फोनला तो खेळ झेपत नव्हता. ही नुसती कानाला फोन लावून त्यांचं ओरडणं-हसणं ऐकत बसायची. मागितलं मात्र कधी काही नाही. एकदा हे दाराशी चपला काढत होते आणि ती आतून म्हणाली, "तुम्ही खेळा गं, मी ऐकते." हे तसेच एक चप्पल पायात ठेवून उभे राहिले. जेवताना म्हणाले, "आपण कॉम्प्युटर करायचा."

नवा घेणं आमच्या ऐपतीत नव्हतं. मग कुणीतरी ठिपकेवाल्याचं नाव सांगितलं. बाजाराच्या तळघरात, जिन्याखाली त्याचं जुन्या पार्ट्‌सचं दुकान. बारीक अंगाचा, दोरीला बांधलेला चष्मा गळ्यात घातलेला माणूस. बापलेक दोघं जाऊन आले. एका ऑफिसने भंगारात काढलेलं मशीन, त्यातला प्रोसेसर जुना पण दमदार. कुणा हौशाने बदलून टाकलेलं ग्राफिक्स कार्ड. आणि त्या कार्डाला पुरेल एवढी वीज देणारा दुसरा पॉवर सप्लाय, कारण ऑफिसच्या मशीनमधला बिचारा तेवढं ओढू शकत नव्हता. त्याने सगळं जोडून लेकीसमोर खेळ लावून दाखवला. "हात लाव, गरम होतंय का बघ," असं तिलाच म्हणाला. तिने हात लावला, मशीन छान चाललं.

मग त्याने ब्रश घेऊन प्रत्येक पार्टवर पिवळा ठिपका दिला आणि म्हणाला, "हा असेपर्यंत माल माझा. बिघडला तर न बोलता बदलून देईन." त्या धंद्यात लोक चांगला पार्ट ठेवून घेतात आणि आपला जळका परत आणून देतात, म्हणून ही सोय. त्याच्याकडे पावती नसते, वाद नसतो, ठिपका बघायचा आणि बदलून द्यायचा. लेकीने ते कान देऊन ऐकलं. आमच्या साहेबांचं लक्ष कुठे? मशीनच्या डब्याच्या कोपऱ्यात आलेल्या पोच्यावर अंगठा दाबून बघण्यात.

घरी आल्यावर त्या करड्या डब्याकडे बघून म्हणाले, "असलं थोबाड घेऊन माझ्या पोरीच्या टेबलावर बसणार हे?" आणि गॅरेजमध्ये घेऊन गेले. लेक म्हणत होती, बाबा, चालतंय ना, राहू द्या. ऐकतील तर शपथ! तिथे सगळं सुटं केलं. पोचा ठोकून काढला, पुट्टी भरली, घासली, आणि कुठल्याशा गाडीचा उरलेला गडद निळा मारला, उन्हात धरला की आत बारीक चमक दिसणारा. काम देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू? पण आता सगळं उघडंच आहे म्हटल्यावर हात स्वस्थ बसेनात. प्रत्येक पार्टवर पिवळा थेंब. "कुठल्या येड्याने काम करताना रंग सांडलाय!" थिनरचा बोळा घेतला आणि एकेक थेंब पुसला. प्रोसेसरवरचा पंखा काढला तर खाली करडं, चिकट काहीतरी माखलेलं. ग्रीस. "शी! हात न धुता काम करतात लोक." तेही पुसलं. तोंड दिसेपर्यंत चकचकीत केलं आणि सगळं होतं तसं जोडलं.

मशीन टेबलावर ठेवल्यावर लेक आनंदाने किंचाळली. मैत्रिणींना फोन लावला, मी आलेय, मी आलेय! तिघींचा खेळ सुरू झाला, आणि तिचा गळा आत्ता कुठे तापतोय तोवर स्क्रीन काळी. परत लावलं, परत काळी. फोनमधून मैत्रिणी विचारतायत, अगं कुठे गेलीस? चार-पाच वेळा झालं, तेव्हा तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "असू दे बाबा. तुम्ही केलंत एवढं."

त्या 'असू दे'ने ह्यांचं डोकं फिरलं. ती रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेल्यावर हे मशीन माझ्या मांडीवर देऊन स्कूटरवरून मला घेऊन बाजारात गेले. ठिपकेवाल्याच्या दुकानात गर्दी होती. एक नवरा-बायको कार्ड निवडून पैसे काढत होते, तीन-चार पोरं-पोरी मागे उभी. त्याने शांतपणे झाकण उघडलं, चष्मा डोळ्यांवर चढवला, टॉर्च मारून आत बघितलं. कार्डावर बघितलं, पॉवर सप्लायवर बघितलं. मग टॉर्च बंद केली.

"ह्यावर माझा ठिपका नाही."

"कसला ठिपका?"

"पिवळा. मी दिलेल्या प्रत्येक पार्टवर असतो. तुमच्या मुलीसमोरच दिला होता."

मी ह्यांच्या शेजारी उभी होते. त्याला ठिपकेवाला का म्हणतात ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण ह्यांचं तोंड मला ठाऊक आहे. इतक्या वर्षांचा संसार आहे. खालचा ओठ किंचित आत गेला आणि नजर आपल्या हातांवर पडली. ह्यांना काहीतरी उमगलं होतं. मला वाटलं, आता म्हणतील, अरेच्चा, चूक झाली. दोन शब्दांचं काम होतं. पण सगळं दुकान बघत होतं ना! आरसेमिस्त्रीचं काम कधी परत येत नाही ना!

"ठिपक्याचं निमित्त सांगतोस?" हे ओरडले. "जळका माल गळ्यात मारतोस आणि वर ठिपके दाखवतोस? चोर आहेस तू! गोरगरिबांच्या पोरांना लुटतोस!"

"आवाज खाली," तो म्हणाला. "चोराच्या उलट्या बोंबा झाल्या ह्या."

मग काय विचारता! जे तोंडाला येईल ते बोलले. मी शर्ट ओढला तर माझा हात झटकला. त्या नवरा-बायकोने कार्ड काउंटरवर ठेवलं, पैसे परत पाकिटात घातले आणि जिना चढून गेले. मागच्यांपैकी कुणीतरी फोन वर धरला होता. ठिपकेवाल्याने टॉर्च खणात टाकली. झाकण लावून मशीन माझ्या हातात दिलं, आणि देताना "ताई, जड आहे, सांभाळून" म्हणाला. मला तेव्हा धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी आलो. दार लावलं आणि विचारलं, "काय पुसलंत?"

हे भिंतीकडे बघत होते. "थेंब होते. मला वाटलं, सांडलेत."

"आणि हे तुम्हाला तिथे आठवलं, का घरी येताना?"

"तिथेच." मग भिंतीला नख लावत, "आठवलं म्हणूनच जोरात ओरडलो."

आता ह्याला काय म्हणायचं? मी खूप बोलले. माझं तोंड तसं फाटकंच आहे.

संध्याकाळी लेकीने मशीन उघडलं. पंखा काढला आणि त्या चकचकीत चौकोनाकडे बघतच राहिली. "बाबा, इथली पेस्ट कुठे गेली?"

"ते ग्रीस? पुसलं मी."

"अहो, ते ग्रीस नव्हतं! प्रोसेसरची उष्णता पंख्याच्या पत्र्यात जायला ती लागतेच. नसेल तर तापून बंदच पडणार ना?"

म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. त्याचा मालही चोख होता आणि तो माणूसही. तिने दुसऱ्या दुकानातून पेस्टची एवढीशी नळी आणली, वाटाण्याएवढी लावली, आणि मशीन असं चाललं की बंद पडायचं नाव नाही. हे दारात उभे राहून बघत होते. तेवढ्यात तिच्या फोनवर काहीतरी आलं. जुने पार्ट्‌स घेणाऱ्या-विकणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. ह्यांचा चेहरा त्यात दिसत नव्हता, गॅरेजच्या शर्टाची पाठ दिसत होती. आवाज मात्र खणखणीत. चोर आहेस तू! खाली लोकांनी लिहिलं होतं, बरं झालं कळलं, तिथे जायचंच नाही.

लेकीने तो शेवटपर्यंत बघितला. मग खेळ बंद केला, मशीन बंद केलं आणि माझी जुनी ओढणी घेऊन त्याच्यावर घातली. मैत्रिणींना फोनवर म्हणाली, "तुम्ही खेळा गं, मी ऐकते."

सुट्टीच्या दिवशी हे सकाळी सकाळीच दुकानात गेले. मुद्दाम लवकर, कुणी नसताना. मला बरोबर नेलं, एकटं जायची छाती नव्हती. हात जोडून हळू आवाजात सगळं सांगितलं. थेंब, थिनर, पेस्ट, सगळं. उमगल्यावरही ओरडलो, हेसुद्धा सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "ओरडलात तेव्हा दुकान भरलेलं होतं."

एवढंच. आणि फडकं घेऊन काउंटर पुसायला लागला.

ह्यांना ते समजलं. कोपऱ्यात गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं एक स्टूल होतं, त्यावर जाऊन बसले. म्हणाले, "माणसं येऊ देत. त्यांच्यासमोर सांगतो."

माणसं आलीच नाहीत. जिन्यावरून पावलं वाजायची, शेजारच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे वळायची. मी घरी परतले आणि दुपारी डबा घेऊन गेले तर दोघं तसेच, तो काउंटरमागे एका कार्डावरची धूळ ब्रशने झाडतोय, हे स्टुलावर गुडघ्यांवर हात ठेवून. मी तिघांना पुरेल एवढं नेलं होतं. त्याने नको म्हटलं. हेही जेवले नाहीत. दुकान बंद होईपर्यंत बसून घरी आले आणि लेकीकडे न बघता झोपायला गेले.

पुढच्या सुट्टीला परत तेच, आणि त्याच्या पुढच्याही. ह्यांच्या तोंडातल्या एका वाक्याने एका माणसाचं दुकान ओस पडलं होतं, आणि ते ओस पडलेलं बघत बसणं एवढंच ह्यांच्या हातात होतं. गॅरेजमध्ये कुणी कामाचं कौतुक केलं की मान वळवायला लागले. एका गाडीच्या दाराच्या ओल्या रंगावर धूळ बसली, तशीच वाळून गेली, तरी पुन्हा घासायला घेतलं नाही, असं तिथल्या लोकांनी मला सांगितलं. मला राग होताच, पण कीवही यायची. मेलं हे लाजेचं ओझं, ते उचलायला दुसरा हात लावता येत नाही.

मग एका दुपारी मी डबा घेऊन जिना उतरत होते, माझ्या पुढे एक आई आणि तिची मुलगी, आमच्या लेकीच्याच वयाची. आई दारातच थबकली. ठिपकेवाला आत काहीतरी काढायला वाकला होता. स्टुलावर बसलेले हे तिला दिसले. गिऱ्हाईकच समजली असणार.

"अहो भाऊ," ती खालच्या आवाजात म्हणाली, "तो व्हिडिओ इथलाच ना? जळका माल देतात म्हणे. खरं आहे का?"

हे उठून उभे राहिले. मी जिन्यावरच थांबले. एवढं तळघर दणाणून सोडलेला माणूस, आता शर्टाचं बटण चाचपत उभा. कान लाल झाले. बाई मुलीचा हात धरून वळायला लागली.

"तो ओरडणारा मीच," हे म्हणाले. मग मोठ्याने, शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर येतील इतक्या मोठ्याने. "तो मीच आहे! माल चांगला होता. मी माझ्या हाताने बिघडवला, ह्यांची खूण मी माझ्या हाताने पुसली. ते मला इथेच समजलं होतं, तरी ह्यांना चोर म्हणालो. चारचौघांत माझी लाज जाईल म्हणून ह्यांची घालवली. व्हिडिओ काढायचा तर आता काढा. ह्या वेळी तोंड दाखवतो."

कुणी फोन काढला नाही. मोबाईल दुरुस्तीवाला खाली बघायला लागला. ती मुलगी आईला म्हणाली, "आई, बघून तरी जाऊ."

ठिपकेवाल्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "या, बसा," तो मुलीला म्हणाला. "चालवून दाखवतो. हात लावून बघायचं, गरम होतंय का." आणि ह्यांच्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही आता पुढच्या सुट्टीला येऊ नका. स्टूल गिऱ्हाइकाला लागतं."

हे बाजूला झाले. खिशातून रुमाल काढून आधी स्टूल पुसलं, आणि त्या मुलीकडे सरकवलं.