आवाज न काढता एकोणतीसचा पाढा

सोमवार, १३ जानेवारी १९९७. या हकिकतीतली कोणालाही पडताळून पाहता येईल अशी बाब एकच: एकोणतीस साती दोनशे तीन. माधवनगरच्या ज्या प्राथमिक शाळेतील चौथीच्या वर्गात त्या दिवशी ही बाब एकाही विद्यार्थ्याला ठाऊक नव्हती, त्याच वर्गाचा एकोणतीसचा पाढा गावात नावाजलेला होता. बत्तीस पोरे एका सुरात म्हणत आणि सुमंत गुरुजी डोळे मिटून ऐकत. ती रसिकता होती की वामकुक्षी, याबाबत साक्षीदारांत मतभेद आहेत.

लबाडी पकडली ती शिपाई राजारामने, आणि त्याला तर जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते.

बावीस वर्षे यंत्रमागांच्या खडखडाटात काढून त्याचे कान गेले होते. पण मागावरच्या इतरांप्रमाणे तो ओठ वाचून बोलणे समजून घेई. माग बंद पडले आणि शाळेची नोकरी चालून आली, तेव्हा डॉक्टरांनी त्याला समोर बसवून विचारले, "नीट ऐकू येतं ना?" राजारामने त्यांच्या ओठांकडे पाहून "व्हय" म्हटले. दाखल्यावर 'श्रवण: उत्तम' अशी नोंद झाली. तेव्हापासून तो गुरुजींच्या तोंडासमोरून हलत नसे. गुरुजी त्याला निष्ठा समजत. बिंग फुटले असते तर नोकरी गेली असती.

त्या सोमवारी पाण्याची घागर घेऊन तो दारात थबकला. एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत बत्तीस तोंडे बरोबर चालली होती. सातव्या ओळीला मात्र 'दोनशे' म्हणून झाल्यावर सगळे जबडे नुसतेच हलले. गुरुजींची मान डोलतच होती, म्हणजे सूर शाबूत असावा. गुरुवारी विस्तार अधिकारी तपासणीला येणार होते, आणि एकेकाला उठवून विचारण्याबद्दल त्यांची ख्याती होती.

मधल्या सुट्टीत राजारामने पोरांना टाकीमागे बसवले.

"पाढा म्हणा. आवाज काढायचा न्हाई."

"आवं मामा, मग म्हणायचा कशानं?" धवल फिदीफिदी हसला.

"तोंडानं. आवाजात लय लबाडी चालती."

आवाज गेल्यावर लपायला जागा उरली नाही. सातव्या ओळीला बत्तीस तोंडे उघडी ती उघडीच राहिली.

"तीस धाग्यांची पट्टी," राजारामने बोटे पसरली. "दर पट्टीत एक धागा तुटला. सात पट्ट्यांचं धागं किती?"

"दोनशे धा."

"आन् तुटलं किती?"

"सात!" अबोली ओरडली. "दोनशे तीन!"

मग तिने पाटी तोंडासमोर धरली. "मामा, तुमाला ऐकू येत न्हाई व्हय?"

मामा ढिम्म. तिने पाटी खाली घेतली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

राजारामचा चेहरा उतरला. "तुला साती आली न्हवं? मग आठी सांग."

"गप की गं," धवल तिला म्हणाला. "दोनशे बत्तीस, मामा."

गुरुवारी साहेब फळ्याजवळच्या खुर्चीत बसले. त्यांनी धवलला उठवले. "एकोणतीस साती?"

धवलचे ओठ वाचण्यासाठी राजाराम वर्गाकडे वळला, आणि इथेच घात झाला: खुर्चीतले साहेब आता त्याच्या पाठीमागे होते.

"दोनशे तीन."

"शाब्बास! शिपाई, पाणी आणा."

राजाराम धवलकडे पाहून हसत उभा.

"अहो शिपाई! बहिरे आहात का?"

त्या क्षणी बत्तीस तोंडे एकदम उघडली आणि बिनआवाजी म्हणाली: पाणी.

राजाराम घागरीकडे धावला.

साहेबांनी शेरेबुकात लिहिले, 'पाढे उत्तम. शिपाई नम्र, किंचित संथ.' राजाराम पुढे त्याच नोकरीतून निवृत्त झाला. त्याच्या दाखल्यावरची नोंद अद्याप कोणी दुरुस्त केलेली नाही. बत्तीस तोंडांना इशारा कोणी दिला, हे ठाऊक नाही; त्यांतल्या कोणालाही विचारले तरी आवाज निघत नाही. सुमंत गुरुजींनी हे सारे पाहिले, की त्या वेळीही त्यांचे डोळे मिटलेलेच होते, हेही अज्ञात आहे.